इस्त्रीखाली सापडलेला डोंगर

माझी थोरली बहीण डाग वाचते. लोक पेपर वाचतात, कुणी हात वाचतात, ती डाग वाचते. शर्ट काउंटरवर आला की तिने तो उजेडाकडे धरायचा, एक डोळा बारीक करायचा आणि निकाल द्यायचा. "चहा. मंगळवारचा. दूध जास्त होतं." गिऱ्हाईक तोंडात बोट घालून उभं. एकदा एका गृहस्थांनी कोट आणला आणि म्हणाले, "शाई सांडली हो कॉलरवर." ताईने कोट नुसता फिरवून पाहिला. "शाई नाही ही. केसांना लावायचा कलप आहे. लाजू नका, निघेल." तो गृहस्थ त्यानंतर दोन वर्षं दुसऱ्या लाँड्रीत जात होता. तिथे डाग निघाला नाही, तेव्हा निमूटपणे परत आला. टोपी घालून.

ही लाँड्री ताईची आणि दाजींची. दाजी म्हणजे तिचे यजमान. दुकान अगदी रस्त्याच्या वळणावर आहे. पुढे काउंटर, मागच्या खोलीत धुण्याची दोन मशिनं आणि एक मोठी मोरी, आणि मध्ये दाजींचं इस्त्रीचं टेबल. टेबलावर जाड घोंगडी, घोंगडीवर पांढरी चादर, ती इतकी ताणून बसवलेली की वर नाणं टाकलं तर उडेल. कामाची वाटणी लग्न झाल्यापासून ठरलेली आहे. धुणं आणि डाग ताईकडे, इस्त्री दाजींकडे. दाजींचा स्वभाव गरीब, पण जगात एक गोष्ट त्यांना सहन होत नाही, सुरकुती. अलीकडे माझ्या कपाळाकडेसुद्धा ते जरा तशाच नजरेने बघतात.

मी धाकटा भाऊ. काम संपलं, केस संपले, आता दुकानातल्या बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांशी गप्पा मारणं हाच माझा धंदा. म्हणून हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतोय. एक भाग सोडून, पण तो आला की सांगेनच.

ताई साठीच्या आसपास आली असेल तेव्हाची गोष्ट. कॉलेजात चित्रकला शिकवणारे एक सर दुकानात यायचे. त्यांनी एक जाकीट आणलं. पाहता पाहता ताईचा चेहरा बदलला. त्या जाकिटावर निळा होता, तपकिरी होता, गुलाबी होता, बाह्यांवर तर अख्खी बाग होती. ताईने उजेडाकडे धरलं, डोळा बारीक केला, आणि जन्मात पहिल्यांदा तिला डाग ओळखता आला नाही.

"हे काय आहे?"

"पेस्टल," सर म्हणाले. "रंगाच्या कांड्या असतात. खडूच्या भावकीतल्या समजा, पण मऊ."

ताईने बाही हळूच झटकली. निळा रंग भुर्रकन हवेत उडाला आणि बाही स्वच्छ! ताई तशीच बघत राहिली. चाळीस वर्षं जिने डागांशी साबणाने, लिंबाने, गरम पाण्याने, गार पाण्याने मारामारी केली, तिला एक डाग असा भेटला की जो नुसतं 'जा' म्हटल्यावर जातो.

"इतका गुणी डाग मी आयुष्यात पाहिला नाही," ती म्हणाली.

सर हसले. पुढच्या खेपेला जाकीट न्यायला आले तेव्हा त्यांनी एक पत्र्याचा डबा आणून दिला. त्यात सगळे कांड्यांचे तुकडे, काही तर शेंगदाण्याएवढे. "माझ्या बोटांना आता हे धरवत नाहीत. तुम्हाला उपयोगी पडले तर बघा."

ताईच्या हाताला चित्र नवीन होतं असं नाही. आमच्या गावच्या शाळेत चित्रकलेचा तास म्हणजे मास्तरांची डुलकी. फळ्यावर एक कप काढायचे, "हा काढा रे" म्हणायचे आणि खुर्चीत मान टाकायचे. एक दिवस ताईने पाटीवर कप न काढता झोपलेले मास्तर काढले. उघडं तोंड, कलती टोपी, सगळं. मास्तर जागे झाले ते नेमके तिच्या पाटीपाशी. आम्हा सगळ्यांची पाचावर धारण बसली. मास्तरांनी पाटी हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "मिशी बरी जमलीय. पूस आता." ताईने पाटी पुसली, ती पुढे पन्नास वर्षं कोरीच राहिली. शाळा सुटली, लग्न झालं, दुकान आलं, मुलं झाली, त्यांची लग्नं झाली. वेळ कुणाला होता?

तर तो डबा आला आणि ताई सुरू झाली. पहिल्यांदा वहीच्या कागदावर. पण वहीचा कागद गुळगुळीत, त्यावर रंग थांबेचना, निसटून जायचा. तेव्हा ताई हार्डवेअरच्या दुकानात गेली. सुतार लाकूड घासायला पॉलिश पेपर वापरतात ना, खरखरीत, तो मागितला.

दुकानदार म्हणाला, "काय घासायचंय ताई? दार की टेबल?"

"डोंगर."

"डोंगराला मग जाडाच द्यावा लागेल," तो गंभीरपणे म्हणाला.

"बारीकच दे. माझा डोंगर नाजूक आहे."

त्याने मोठ्या गुंडाळीतून दोन हात पेपर कापून दिला. आजही तो ताईला विचारतो, "झाला का डोंगर घासून?"

त्या खरखरीत पेपरवर रंग मात्र असा बसला म्हणता! ताई बोटाने लावायची, तळहाताने पसरायची, अंगठ्याने दाबायची. आणि तिचे रंगही तिचेच. आपण म्हणू निळा, हिरवा, पिवळा. तिच्या डब्यात असं काही नव्हतंच. मी डबा धरून शेजारी बसायचो आणि ती हात पुढे करायची. "तो गवताचा दे. तो नाही रे, गुडघ्याला लागतो तो गवताचा. आता गंज दे. हा ताजा गंज झाला, मला जुना हवा, लोखंडी हुकाचा." सूर्य मावळतानाचं आकाश तिने एकदा धुतलेल्या लाल शाईने केलं होतं, आणि ते इतकं खरं होतं की मला उगीच घरी जायची घाई झाली.

काढायची काय, तर आजूबाजूचंच. वळणावरचं झाड, पंपाजवळच्या भिंतीवर उगवलेली पिवळी रानफुलं, गावाबाहेरचा डोंगर. मी म्हटलं, "ताई, एखादा समुद्र काढ की, एखादा राजवाडा." ती म्हणाली, "त्यांचे डाग मला ठाऊक नाहीत."

दाजींची मात्र झोप उडाली. विचार करा, दुकानात चोवीस तास पांढरे कपडे आणि बायकोच्या हाताला रंगीत पूड! पेट्रोल पंपावर विडी ओढण्यातला प्रकार. दाजींनी नियम केले. चित्र फक्त गच्चीवर. अंगावर लांब कोट. खाली येताना दारातल्या ओल्या गोणपाटावर पाय पुसायचे, कोपरापर्यंत हात धुवायचे आणि नखं दाखवायची.

"नखं दाखव," दाजी म्हणायचे.

"शाळेत बरी होते मी," ताई म्हणायची आणि दाखवायची.

चित्रं झाली की ती शर्टाच्या खोक्यांत जायची आणि खोकी कपड्यांच्या फळीच्या मागे. मला आणि दाजींना सोडून कुणाला पत्ता नाही. मी म्हणायचो, "अगं, दाखव की चार लोकांना." त्यावर तिचं ठरलेलं उत्तर. "लोकांचे डाग मी बघते. माझे लोकांनी बघायची गरज नाही." तिला भीती वाटायची, दुसरं काय. जिने आयुष्यभर दुसऱ्याच्या कॉलरवर निकाल दिले, तिला आपल्यावर निकाल नको होता.

पण एक दिवस दाजींच्या कडेकोट बंदोबस्तातून एक हिरवा अंगठा निसटला. निसटला तो थेट एका पांढऱ्याशुभ्र चादरीवर, आणि चादर कुणाची, तर वाचनालयातल्या बाईंची.

या बाई आमच्या दुकानाच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. जन्मभर वाचनालय सांभाळलं, आता अठ्ठ्याहत्तरीच्या. समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकट्याच राहायच्या. पुस्तक परत करताना पानाचा कोपरा दुमडलेला दिसला तर मोठमोठ्या माणसांना उभं करून झापायच्या. त्या चादर काखेत घेऊन दुकानात आल्या तेव्हा दाजी इस्त्रीमागे लपले.

"हा काय प्रकार?" बाईंनी कोपरा पुढे केला. टिकलीएवढा हिरवा ठसा.

ताईने पाहिलं आणि तिचे कानसुद्धा लाल झाले. या दुकानात डाग यायचे, इथून डाग कधी गेला नव्हता. खोटं बोलणं तिला जमत नाही. तिने सरळ फळीमागचं खोकं काढलं आणि बाईंसमोर ठेवलं.

बाईंनी चष्मा पुसला. एकेक चित्र पुस्तकाचं पान उलटावं तसं, कडेला धरून उलटलं. मग बाई म्हणाल्या, "चादर राहू दे. मला एक काम आहे."

काम असं होतं. बाई मागे एकदा मोरीत घसरल्या होत्या, तेव्हापासून त्यांची लेक मागे लागली होती की आता माझ्याकडे राहायला चला. लेकीचं गाव लांब, सपाट, तिकडे डोंगर औषधालाही नाही. बाईंनी हो ना करत अखेर हो म्हटलं होतं. तीन आठवड्यांनी, शनिवारी, सामानाचा टेम्पो येणार होता.

"माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोंगर दिसतो," बाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं बघतेय. यजमान गेले तेव्हा बघितला, लेक सासरी गेली तेव्हा बघितला. बाकी सगळं टेम्पोत मावेल. तेवढा एक तू दे."

ताई म्हणाली, "बाई, मला नाही येत तसं."

"ते मी ठरवेन," बाई म्हणाल्या आणि चादर घेऊन गेल्या.

झालं. ताई तीन आठवडे रोज दुपारी, दुकान थंड असताना, बाईंच्या स्वयंपाकघरात. मी डबा घेऊन मागे. खिडकी छान, रुंद. समोर डोंगर, एका अंगाने टकला, दुसऱ्या अंगाने झाडीचा. कमरेवर पाण्याची पांढरी टाकी. टाकीकडे जाणारी नागमोडी पायवाट. आणि खिडकीच्या अगदी खाली, कठड्यावर, बाईंनी लावलेला जांभळ्या फुलांचा वेल. डोंगर चार दिवसांत उभा राहिला. फुलांनी मात्र जीव काढला. ताई करायची, झटकायची, परत करायची. "हा जांभळा मेला द्राक्षाचा होतोय. मला धुवून धुवून विटलेल्या शाईचा हवाय." शेवटी, टेम्पोच्या दोन दिवस आधी, गुरुवारी तो सापडला. तिने हात मागे घेतले आणि म्हणाली, "झालं." आणि मी सांगतो, झालं होतं! आम्ही ते चित्र दुकानात आणलं ते दोघांनी दोन बाजूंनी धरून, नवरीला आणावं तसं.

आता फक्त एकच खोट होती. तो पॉलिश पेपर गुंडाळीतला. चित्र काढायच्या लाकडी फळीवरून सोडवला की जन्मखोड आठवून दोन्ही बाजूंनी वळायला लागायचा. शुक्रवारी दुपारी ताई काचवाल्याकडे माप द्यायला निघाली आणि जाता जाता म्हणाली, "मेला सपाट राहत नाही. सपाट राहिला असता तर काम सोपं होतं."

हे दाजींनी ऐकलं.

इथे तो मी न पाहिलेला भाग येतो. मी बाकावरच होतो, पण खोटं कशाला बोलू, डोळा लागला होता. मला जाग आली ती 'फुस्स' अशा आवाजाने. तो दाजींचा पाण्याचा फवारा. कुठल्याही कपड्यावर इस्त्री फिरवण्याआधी ते तो मारतात, हात आपोआप जातो. त्यांनी काय केलं, टेबलावर चित्र पसरलं. माणूस काळजीवाहू, म्हणून चित्रावर स्वच्छ पांढरं फडकं अंथरलं. फडक्यावर फवारा मारला. आणि इस्त्री सुती कपड्याच्या आकड्यावर ठेवून, दोन्ही हातांनी दाबून, कडेपासून कडेपर्यंत फिरवली. प्रेमाने.

मग फडकं उचललं.

"शालकबुवा," दाजींचा आवाज विहिरीतून आल्यासारखा आला. "डोंगर वर आला."

मी धावलो. डोंगर खरंच फडक्यावर आला होता. उलटा. टाकी डावीकडची उजवीकडे. फुलांची जागा अशी, की कुणाला तरी गुडघ्यावर मुका मार लागलाय. आणि खाली कागदावर राहिला होता नुसता चिखल. सपाट मात्र होता. टेबलावर काच ठेवावी इतका सपाट.

"आता काय करायचं हो?" दाजी म्हणाले.

"मी झोपलेलोच होतो असं सांगतो," मी म्हटलं.

तेवढ्यात ताई आली. दाजी फडकं पाठीमागे लपवायला गेले, पण फडकं मोठं आणि दाजी बारीक. ताईने ते त्यांच्या हातातून घेतलं. दारापाशी गेली. उजेडाकडे धरलं. सवयीने एक डोळा बारीक केला.

"निघणार नाही," ती म्हणाली.

"अगं, मी म्हटलं तू म्हणालीस सपाट..."

"झालं ना सपाट."

एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं. ती आत गेली आणि गिऱ्हाइकांचे मोजे धुवायला बसली, जे काम ती कधीच करत नाही. मी मागे गेलो तर म्हणाली, "सकाळी जाऊन बाईंना सांगते, नाही जमलं. बरंच झालं. नाहीतरी त्यांनी ते भिंतीवर लावलं असतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याने..." मोजा पिळत बसली. त्या मोज्यात पाण्याचा थेंब उरला नव्हता तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात पोचलो तर इस्त्री गार. एवढ्या वर्षांत सात वाजता ती इस्त्री मी कधी गार पाहिली नव्हती. दाजी नाहीत. ताई फळीमागे शोधत होती.

"धाकट्या, माझा डबा तू नेलास?"

"मी कशाला नेऊ?"

डबा नाही. लाकडी फळी नाही. उरलेला पॉलिश पेपर नाही. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि समोरच्या इमारतीकडे निघालो. दारात टेम्पो उभा. जिन्यावरून पलंगाचे पाय उतरत होते, मागून हमाल. तिसऱ्या मजल्यावर पोचायच्या आधीच दाजींचा आवाज.

"सगळं न्या. हे स्टूल आणि ही खिडकी शेवटी."

"काका, खिडकीपण न्यायचीय का?" हमाल विचारत होता.

स्वयंपाकघर रिकामं, भिंतीवर फळ्यांच्या खुणा. खिडकीसमोर स्टूल. स्टुलासमोर दोन डब्यांवर टेकवलेली फळी, तिच्यावर कोरा पॉलिश पेपर चारी बाजूंनी पट्ट्या लावून चिकटवलेला, एक सुरकुती नाही. शेजारी रंगांचा डबा उघडा. आणि बाई गादीच्या गुंडाळीवर बसलेल्या.

"तुझ्या यजमानांनी सहा वाजता येऊन सगळं कबूल केलं," बाई म्हणाल्या. "चोरसुद्धा इतकं सविस्तर सांगत नाही."

"बाई," ताई दारातच थांबली, "मला तीन आठवडे लागले होते. आता कसं..."

"ड्रायव्हर म्हणतो साडेआठपर्यंत सामान चढेल. तोवर मी इथे बसणारच आहे. तू पण बस."

ताईने दाजींकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर वितळला असता. दाजी म्हणाले, "नखं मी बघणार नाही आज."

ती बसली. कांडी उचलली, खिडकीबाहेर पाहिलं आणि हात हवेतच राहिला.

"हा तो नाहीच," ती म्हणाली.

खरंच नव्हता. तीन आठवडे आम्ही दुपारी आलो होतो. दुपारचा डोंगर तपकिरी, वाळलेला, उघडा. हा सकाळचा होता. टकल्या अंगावर कोवळं ऊन, झाडीचं अंग सगळं निळ्या सावलीत, टाकी लोण्यासारखी पिवळसर, आणि पायथ्याला धुरकट पट्टा.

"असला डोंगर मी पाहिलाच नव्हता."

"मी रोज हाच बघते," बाई म्हणाल्या. "दुपारी मी झोपते."

मग ताईने हात पुढे केला आणि मला म्हणाली, "पांढऱ्या शर्टाला निळीचा हात जास्त होतो ना, तो दे." मी दिला. आणि सुटली की हो! गच्चीवर जी दोन रेघा मारून दहा वेळा मागे व्हायची, ती दोन्ही हातांनी रंग लावत होती. खरखर खरखर आवाज, आणि खाली पूड पाऊस पडल्यासारखी. दाजी गुडघ्यावर बसून ओंजळीत पूड झेलत होते, फरशी खराब होऊ नये म्हणून. ज्या घरात बाई परत पाऊल ठेवणार नव्हत्या, तिथल्या फरशीची काळजी!

हमाल एकेक करून दारात थांबायला लागले. एकाच्या पाठीवर कपाट होतं, तो कपाटासकट उभा.

"अरे, खाली ठेव तरी!" दुसरा म्हणाला.

"थांब रे, झाडं येतायत."

ड्रायव्हर वर आला ओरडायला. आला आणि त्याचाही आवाज खाली गेला. "टाकी राहिली," तो म्हणाला.

"टाकी शेवटी," कपाटवाला म्हणाला, जसं काही तोच काढतोय.

"पण पायवाट सरळ नाही हो ताई, तिकडून मी पाणी न्यायचो, ती अशी वळते," ड्रायव्हर म्हणाला.

"मागे व्हा सगळे," ताई वळून न बघता म्हणाली. "उजेड अडतोय. आणि पायवाट माझ्या लक्षात आहे."

दोन मिनिटांनी पायवाट आली. ड्रायव्हर म्हणाला तशी वळली. तो खूश झाला आणि साडेआठ वाजून गेल्याचं विसरला.

फुलांना वेळच उरला नव्हता. ताईने जांभळा अंगठ्यावर घासला आणि कागदाच्या खालच्या कडेला सरळ अंगठे उठवले. एक, दोन, सात, बारा. चुकलं तरी झटकलं नाही. मग करंगळीच्या टोकाने टाकीवर उजेडाचा एक ठिपका ठेवला आणि उठली. तिच्या नाकावर गंज होता, कपाळावर आकाश होतं.

बाईंनी पाहिलं. मग बाई ड्रायव्हरला म्हणाल्या, "आता स्टूल न्या."

ताईचा चेहरा बघण्यासारखा झाला. मला तर वाटलं, चांगलं नाही म्हणायचं ते असं म्हणाल्या. पण आता विचारणार कोण? आणि पुढे प्रश्न उभाच, हे न्यायचं कसं? काच अजून काचवाल्याकडे. वर हात लागला की डोंगर हाताला. टेम्पोत खड्डे.

दाजी तेवढ्यात खाली जाऊन दुकानातून सगळ्यात खोल खोकं घेऊन आले, कोटाचं. तळाला पुठ्ठा, पुठ्ठ्यावर फळी, फळी चार कोपऱ्यांत टाचण्यांनी पक्की. वर झाकण, आणि झाकण आणि चित्र यांच्यात वीतभर मोकळी हवा. सुटाबुटातला माणूस पालखीत बसवावा तसं चित्र खोक्यात बसलं. "पण हे धरणार कोण?" ड्रायव्हर म्हणाला. "मागे ठेवलं तर मी जबाबदार नाही."

दाजी खोकं घेऊन खाली उतरले, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर चढले, खोकं मांडीवर आडवं घेतलं. बाई त्यांच्या शेजारी.

"अहो, तुम्ही कुठे निघालात?" ताई धावली.

"पोचवून येतो."

"चार तासांची वाट आहे! पायात सपाता आहेत तुमच्या!"

"जरा हळू बोल," दाजी म्हणाले, "पूड हलते."

टेम्पो गेला. त्या दिवशी दुकानात इस्त्री मी केली. एकच शर्ट. गिऱ्हाइकाने तो उचलून बघितला आणि विचारलं, "हा धुतलाय का तुडवलाय?" मग ताईने मला बाकावर परत पाठवलं.

दाजी दुसऱ्या दिवशी दुपारी बसने परत आले, सपातांतच. ताई काउंटरवर शर्ट मोजत होती. मोजतेय असं दाखवत होती, कारण तोच शर्ट तिने तिसऱ्यांदा उचलला होता.

"पोचलं?"

"पोचलं. फुलं जरा सांडली, बारातली एखाद दोन. बाकी डोंगर जिथल्या तिथे. ड्रायव्हरने प्रत्येक खड्ड्याला टेम्पो असा चालवला, की मागच्या गाड्या शिव्या देत होत्या. खिळा मी ठोकला. स्वयंपाकघरात."

"सरळ ठोकलात?"

"अगं, मी!"

"आणि?"

"आणि काय?"

"बाई काय म्हणाल्या?"

दाजी बाकावर माझ्याशेजारी टेकले. सपाता काढल्या, पाय चोळले. मुद्दाम उशीर करत होते, मी ओळखतो ना.

"म्हणाल्या काही नाहीत," ते म्हणाले. "लेक म्हणाली, काकांना चहा दे आई, लांबून आलेत. बाईंनी चहा टाकला. दोन कप भरले. दोन्ही घेऊन चित्रासमोर खुर्चीवर बसल्या. एक कप इकडे ठेवला, एक हातात धरला, आणि तुझ्या डोंगराकडे बघत बघत आपला कप पिऊन टाकला. सावकाश. मी दारात उभा. मग दुसरा कपही उचलला. तोही प्यायल्या अर्धा. तेव्हा कुठे त्यांची नजर माझ्याकडे गेली आणि म्हणाल्या, 'अहो, तुम्ही अजून आहात का?'"

ताईने हातातला शर्ट खाली ठेवला. आधी तिचे खांदे हलले, मग ती इतकी हसली, इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिने ते गिऱ्हाइकाच्या शर्टाच्या बाहीने पुसलं.

"परत सांगा," ती म्हणाली. "सुरुवातीपासून. चहा टाकला तिथून."

दाजींनी परत सांगितलं. त्यानंतर मी तो चहा वीस वेळा तरी ऐकला असेल. मुलं आली तेव्हा, सर आले तेव्हा, हार्डवेअरवाला आला तेव्हा. दर वेळी बाई तो जरा आणखी सावकाश पितात, दाजी दारात जरा आणखी जास्त वेळ उभे राहतात, आणि ताई काउंटरवरून म्हणते, "मधलं गाळू नका."